एक मूठ जास्तीची

आजी भाताला तांदूळ घेताना कान मोडलेल्या एका कपाने मोजून घ्यायची. घरात सहा माणसं, म्हणून तीन कप. तीन कप पातेल्यात पडले की डब्याचं झाकण लावण्याआधी तिचा हात पुन्हा आत जायचा आणि आणखी एक मूठ तांदूळ वर यायचे. त्या मुठीला तिच्याकडे नाव नव्हतं. ‘कुणी आलं तर’ एवढंच ती म्हणायची. कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात व्हायचा आणि आम्हा मुलांची त्यावर उडी पडायची. ती मूठ वाया गेल्याचं मला एकदाही आठवत नाही.

हे पुस्तक त्या मुठीपासून सुरू झालं. बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून रोज काय शिजतं, त्यातलं कुणाकुणाच्या पानात जातं आणि ते कसं जातं, हे मी गेली काही वर्षं विचारत आणि वहीत उतरवून घेत आले. नाताळचा केक, ईस्टरचं मटण, लग्नातला पुलाव या वहीत जवळजवळ नाही. त्यावर लिहिलेलं भरपूर मिळतं. मला मंगळवारचं जेवण हवं होतं. ‘मंगळवारी तुमच्याकडे काय असतं?’ असं विचारलं की बहुतेक घरांतून आधी एकच उत्तर यायचं, ‘अगं, त्यात काय लिहायचं?’ मग चहा यायचा आणि चहाबरोबर मंगळवार हळूहळू उलगडत जायचा.

आमचं घर मूळचं राहुरीकडचं. आजोबा रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपात नोकरीला लागले आणि आजी बाजरीचं पीठ, जातं आणि मराठी बायबल घेऊन बडोद्याला आली. बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही. गायकवाडांनी या शहरात मराठी इतकी मुरवली आहे की दांडिया बाजारात आजही कानावर मराठी पडते, आणि २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ९१ वं अधिवेशन इथेच भरलं होतं. इथली सेवउसळ तर या शेजाराचीच खूण आहे. पण मराठी ख्रिस्ती हा त्या मराठी समाजातलाही एक लहानसा कोपरा. रविवारची उपासना गुजरातीतून, घरची प्रार्थना मराठीतून, अशी आमची दोन भाषांची श्रद्धा.

लहानपणी मला या दोन भाषांतला एक फरक फार विलक्षण वाटायचा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत घरी आम्ही भाकर मागायचो आणि देवळात रोटली. दोन्हींत फार अंतर आहे हे ज्याने दोन्ही भाजल्या आहेत त्यालाच कळेल. रोटली पातळ, गव्हाची, वरून तूप लावलेली. भाकर हातावर थापलेली, ज्वारीची नाही तर बाजरीची, तिला लाटणंही लागत नाही. पुढे शेजारी गोव्याचं एक कुटुंब राहायला आलं. त्यांच्या कोकणी प्रार्थनेत या जागी ‘गिरास’ असतो, म्हणजे ग्रास, म्हणजे घास. भाकर, रोटली, घास. मी आजीला विचारलं होतं, देवाकडे नेमकं काय मागायचं? ती म्हणाली, ‘घरात जे होतं तेच माग. दुसरं मागितलंस तर करणार कोण?’

मराठी बायबल वाचत वाढलेल्या माणसाला येशूच्या सगळ्या गोष्टी भाकरीच्याच वाटतात. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणासाठी एका मुलाने जे दिलं त्या जवाच्या भाकरी होत्या. जव हे त्या काळी गरिबाचं धान्य. गव्हाची ऐपत नसलेल्या घरातून कुणीतरी त्या पोराला शिदोरी बांधून दिली असणार. मला त्या गोष्टीतला चमत्कार जितका महत्त्वाचा वाटतो तितकंच त्यानंतरचं वाक्यही. सगळे जेवल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले गेले, काही फुकट जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून इतकं अन्न निघालं तोच उरलेल्या तुकड्यांची काळजी करतो, ही गोष्ट आजीला फार जवळची होती. ती सांगताना नेहमी फोडणीच्या भाताकडे बोट दाखवायची.

दुसरी तिची आवडती गोष्ट सारफथच्या विधवेची. दुष्काळ पडलेला, रांजणात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल, मुलासाठी शेवटची भाकर करावी म्हणून ती काटक्या गोळा करते आहे, आणि एलीया तिच्याकडे खायला मागतो. आधी मला दे, मग तुम्हाला कर, असं म्हणतो. लहानपणी मला एलीयाचा राग यायचा. आता वाटतं, त्या गोष्टीत मूठ हे माप उगाच आलेलं नाही. वाटी, शेर, पायली ही बाजाराची मापं. मूठ ज्याच्या त्याच्या हाताएवढी असते आणि प्रत्येकाकडे असते.

मुठीची ही रीत आमचीच आहे असं मी म्हणणार नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० च्या सुमारापासून रोज दोन्ही वेळा भात शिजवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात. त्याला तिथे ‘बुहफाइ थाम’ म्हणतात, आणि त्या तांदळाच्या पैशावर तिथल्या मंडळींचं मोठं काम उभं राहिलं आहे. आपल्याकडे मुष्टिफंड होताच. महाराष्ट्रात कितीतरी शाळा आणि वसतिगृहं घराघरातून आलेल्या मुठींवर चालली. पणजीतल्या एका जुन्या शाळेच्या नावातच मुष्टिफंड आहे. आजीची मूठ मात्र या मुठींपेक्षा थोडी वेगळी होती. ती वेगळ्या डब्यात जात नव्हती, घरच्याच पातेल्यात पडत होती. त्यामुळे जो येईल त्याला घरचाच भात मिळायचा, त्याच वाफेचा, त्याच मिठाचा. घेणाऱ्यासाठी वेगळं काही शिजत नव्हतं.

हे लिहून घेताना मला हळूहळू एक गोष्ट उमगत गेली आणि या पुस्तकात मला तीच सांगायची आहे. साध्या जेवणाचं कौतुक आपण बहुधा त्याग म्हणून करतो. मोठी माणसं साधं खातात, संत साधं खातात, म्हणून ते चांगलं. पण माझ्या वहीतल्या बायका त्याग करत नव्हत्या. साधं जेवण त्यांना सोयीचं होतं, कारण ते वाढवता येतं. चार माणसांसाठी चार कटलेट तळली आणि पाचवा दारात आला की गृहिणीचा चेहरा उतरतो. चार माणसांसाठी वरणफळं टाकली असतील तर पाचव्यासाठी आणखी एक पोळी लाटायची, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे, वरणात आधणाचं पाणी ओतायचं आणि एक उकळी आणायची. आलेल्या माणसाने चप्पल काढून हातपाय धुवेपर्यंत ते होतं. आमच्या गुजराती शेजारणी यालाच दाळ-ढोकळी म्हणतात, फक्त त्यात गूळ आणि शेंगदाणे जास्त. खिचडी, कढी, आमटी, पिठलं, कण्या, आंबील हे सगळे याच जातीचे पदार्थ. एक वाटी डाळीच्या पिठाचं पिठलं तिघांना पुरतं आणि वेळ आली तर पाच जणांनाही. गार पाणी मात्र कधी घालायचं नाही, चव मोडते. वेगळं उकळून घ्यायचं, चमचाभर पीठ त्यात कालवून मग सोडायचं, मीठ पुन्हा चाखायचं आणि वरून लसणाची थोडी फोडणी द्यायची, म्हणजे आलेल्याला आपल्यामुळे जेवण पातळ झालं असं वाटत नाही. ही शेवटची सूचना मला फतेहगंजातल्या एका वयस्क बाईंनी दिली. मी कृती लिहून घेत होते. त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि म्हणाल्या, ‘फोडणीचं कारण पण लिही.’

आलेल्याला काय वाटतं, याकडे दानधर्मावर लिहिणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या उपासमारीबद्दल जे सांगून ठेवलं आहे ते वाचताना हे मला जाणवलं. १८७४ च्या आसपास, दक्षिणेतल्या दुष्काळात, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे अन्नावाचून गेले आणि पाठोपाठ आई आजारी पडली. आईला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवा होता. सोळा वर्षांच्या रमा शेजारच्या घरी मागायला गेल्या, आणि तोंडून शब्दच फुटेना. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेल्या मुलीला दोन शब्द बोलता येईनात. त्या बाईने आपणहून काय हवं ते विचारलं आणि भाकर दिली. रमाबाई धावत परत आल्या, पण आईला ती गिळण्याचीही ताकद राहिली नव्हती. पुढे ज्या बाईने केडगावला मुक्ती सदन उभारलं आणि हजारो तोंडांच्या चुली पेटवल्या, तिने आधी दारात उभं राहून हात पसरण्यातली लाज सोसली होती. मुक्ती सदनाबद्दल बोलताना ही गोष्ट आधी सांगायला हवी असं मला वाटतं. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या, इंग्लंडमध्येही. परक्याच्या ताटाचा मान राखायचा आणि आपल्या ताटाचाही, हे दोन्ही त्यांना साधलं होतं.

१९०० साली त्यांनी गुजरातमधूनही दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला नेल्या. इथे त्या दुष्काळाला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा म्हणून. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २४ लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. गुजरातमधल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास त्या वर्षीच्या अनाथाश्रमांपासून सुरू होतो. पन्नालाल पटेलांच्या ‘मानवीनी भवाई’ या कादंबरीत याच दुष्काळातला काळू धर्मादाय धान्यासाठी हात पुढे करू शकत नाही. भुकेपेक्षा मागणं त्याला भयंकर वाटतं. रमाबाईंचा न फुटलेला शब्द आणि काळूचा न उठलेला हात एकाच जागचे आहेत.

इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. भाकरीसाठी धर्म बदलला, असं आमच्या पणजोबा-खापरपणजोबांबद्दल आजही बोललं जातं. रमाबाईंच्या शारदा सदनावरूनही १८९३ मध्ये असंच वादळ उठलं होतं आणि रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली होती. मी या वादात पूर्वजांची वकिली करणार नाही. उपाशी माणसाने भाकर घेतली यात त्याचा दोष मला दिसत नाही. भाकर देणाऱ्याने तिला अट जोडली असेल तर तो दोष आहे आणि तो ख्रिस्ताच्या शिकवणीच्या उलट आहे, हे मला ख्रिस्ती म्हणून स्पष्ट म्हणायचं आहे. ज्यांनी अट जोडली नाही, ते लोकही पुष्कळ होते. या पुस्तकात ज्या घरांबद्दल लिहिलं आहे तिथे जेवणाआधी प्रार्थना होते, पण जेवायला बसलेल्याला ती म्हणायला लावल्याचं मी कुठेही पाहिलं नाही.

याहून अवघड एक गोष्ट बडोद्याचीच आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी सराईत उतरले आणि अकरा दिवसांनी त्यांना तिथून काढलं गेलं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांची दारं ठोठावली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितलं की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारायला हवं. बाबासाहेबांना नंतर कळलं की ते दोघे मूळचे ब्राह्मण. नवरा मोकळ्या मनाचा झाला होता, पण बायकोचं सोवळं सुटलं नव्हतं. तिने अस्पृश्याला घरात घेतलं नसतं. मुंबईची गाडी रात्री नवाची. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

बाबासाहेबांनीच लिहिलं आहे की ती बाग बडोदे शहर आणि कॅम्प यांच्या सीमेवर होती. कॅम्प म्हणजे आजच्या फतेहगंजाचा भाग, जिथे आमची देवळं आहेत. मी त्या रस्त्याने रविवारी कितीतरी वेळा चालत गेले आहे. एका ख्रिस्ती घराचं दार त्या दिवशी उघडलं असतं तर आत काय झालं असतं, याचा विचार दर वेळी मनात येतो. बहुधा फार काही नाही. पाटावर एक पान जास्त मांडलं गेलं असतं. आमटीत पाणी पडलं असतं. तेवढंही झालं नाही. या शहरातल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरावर लिहिणाऱ्या कुणालाही ही गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही, आणि मलाही ती टाळायची नाही. धर्म बदलला, देऊळ बदललं, नावं बदलली, तरी चूल तिथेच राहू शकते. बाप्तिस्मा शेवटी स्वयंपाकघरात पोचतो, आणि काही घरांत पोचतच नाही.

तो पोचायला काय लागतं ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त दाखवलं आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्या तेव्हा स्वतःचं सोवळं, स्वतःचं पाणी, स्वतःची चूल घेऊन आल्या. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या, मधे स्वयंपाकघराची भिंत. बडोद्याच्या त्या मित्राच्या घरात होती तीच स्थिती. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंनी स्वतःशी झगडून, स्वतःच विचार करून ती भिंत पाडली. कुणी त्यांना शिकवलं नाही, उलट शिकवणाऱ्यांशी त्या भांडल्याच. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते त्यांचं खरं परिवर्तन त्याआधीच, पाण्याच्या तांब्याशी झालं होतं. नंतर त्यांच्या घरी कोण जेवलं नाही? बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिले. घरात पैसा नसायचा, टिळक असेल ते देऊन टाकायचे, आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. उदारपणाची जी चित्रं आपण रंगवतो त्यात देणारा हात दिसतो आणि पिठाच्या डब्याच्या तळाशी खरवडणारा हात दिसत नाही. ‘स्मृतिचित्रे’ मला त्या दुसऱ्या हाताचं पुस्तक वाटतं.

आमच्या देवळांमध्ये प्रीतिभोजन नावाची एक रीत आहे. ती फार जुनी. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीत एकत्र जेवताना श्रीमंत आधी येऊन खात आणि उशिरा येणारे कष्टकरी उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना पत्रातून चांगलंच सुनावलं आहे. मेथडिस्टांना ही रीत जॉन वेस्लीकडून मिळाली आणि त्याला ती मोरेवियन लोकांकडून, १७३७ साली, अमेरिकेतल्या सव्हाना गावी. त्यात साधा पाव असायचा आणि पाणी. दोन कानांचा एक पेला हातोहात फिरायचा, म्हणजे प्रत्येकाला तो शेजाऱ्याच्या हातून घ्यावा लागे. माझ्या लहानपणी प्रीतिभोजनाला बायका घरून पातेली आणायच्या. डाळ एकीची, भात दुसरीचा, तिसरीची बटाट्याची भाजी. सगळ्या डाळी एका मोठ्या पातेल्यात ओतल्या जायच्या, मग कुणाची तिखट आणि कुणाची सपक हे कळायचंच नाही. आता बहुतेक ठिकाणी केटरर येतो. पनीर असतं, दोन मिठाया असतात, माणशी वर्गणी असते. वर्गणी न देऊ शकणारे त्या दिवशी घरीच राहतात. एका मंडळीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन बराच वेळ गप्प बसले. पौलाने पत्र लिहिलं ते याच दुखण्यासाठी. पातेली परत यावीत असं मला मनापासून वाटतं. या पुस्तकात एका मोठ्या पातेल्याच्या डाळीची कृती मुद्दाम दिली आहे, पन्नास माणसांची.

बडोद्यात आम्ही एकटे नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, मग खतांचे आणि रसायनांचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर केरळची पुष्कळ कुटुंबं आली. त्यांच्याकडून मी ‘पेसहा अप्पम’ शिकले. शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री तांदळाच्या आणि उडदाच्या पिठाची बिनआंबवलेली भाकर वाफवतात, वर झावळीच्या पातीचा क्रूस ठेवतात आणि घरातला वडीलधारा ती मोडून वयाप्रमाणे सगळ्यांना वाटतो. बरोबर नारळाच्या दुधाचं आणि गुळाचं पेय. हे बाहेर विकत घ्यायचं नसतं. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते घर अप्पम करत नाही. शेजारी आपल्या घरचं त्यांच्याकडे नेऊन देतात. आपल्याकडेही सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो. दुःखाच्या घरी चूल पेटू नये, पण पोट भरावं, हे केरळपासून नगरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

द्यायला शिकणं त्या मानाने सोपं. घ्यायला शिकणं फार कठीण, आणि ते शिकवणारा एक माणूस गुजरातला मिळाला होता. फादर कार्लोस वालेस स्पेनचे जेझुइट, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवायचे आणि गुजरातीत इतकं सुंदर लिहायचे की १९७८ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. सत्तरच्या दशकात त्यांनी आपली खोली सोडली आणि अहमदाबादच्या पोळांमध्ये घरोघर पाहुणा म्हणून राहायला सुरुवात केली. एका घरी काही दिवस, मग पुढचं घर. जे घरात शिजेल ते खायचं, जिथे जागा मिळेल तिथे झोपायचं, सकाळी सायकलने कॉलेजात जायचं. सुमारे दहा वर्षं ते असे राहिले. ख्रिस्ती धर्मगुरूने हिंदू आणि जैन घरांच्या ताटावर जगावं, त्यांच्या रोटलीने पोट भरावं, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं वाटतं. आपण देतो तेव्हा आपला हात वर असतो. वालेसांनी तो खाली धरला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्हीही तो खाली धरला. आम्ही समा भागात तळमजल्यावर राहतो. नदी धोक्याच्या २५ फुटांच्या खुणेच्या कितीतरी वर चढली, पाणी घरात शिरलं, वीज गेली, गॅस शेगडीसकट पाण्याखाली. मी, जी इतकी वर्षं लोकांना वाढण्याबद्दल विचारत फिरत होते, ओल्या साडीत जिन्यावर बसले होते. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने, ती वैष्णव आहे, कांदा-लसूणही खात नाही, खाली वाकून फक्त एवढंच विचारलं, ‘केटला जण?’ किती जण? मी म्हटलं, चार. खिचडी आली ती सहा जणांची होती. बरोबर कढी. दोन दिवस आम्ही सगळे तिच्या चुलीवर जेवलो. जेवणाआधी आम्ही डोळे मिटले तेव्हा तीही पदर सावरून थांबली, आमचं होईपर्यंत. पाणी उतरल्यावर तिचं पातेलं घासून परत द्यायचं होतं. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच कोरडं उरलं नव्हतं. शेवटी एका डब्यात वर ठेवलेला गूळ सापडला, त्यातला एक खडा मी पातेल्यात ठेवून वर नेला.

आता या पुस्तकातल्या मापांविषयी. कृती देणाऱ्या प्रत्येकीला मी विचारलं होतं, हे किती माणसांचं? उत्तर आलं तेच लिहिलं आहे. पण स्वयंपाकघरात उभी राहून करून पाहताना माझ्या लक्षात आलं की ‘चार माणसांची’ म्हणून सांगितलेली जवळजवळ प्रत्येक कृती पाच जणांना पुरते. सुरुवातीला वाटलं, मी लिहून घेताना चुकले. परत जाऊन काहीजणींना विचारलं. एकीने हसून सांगितलं, ‘आम्ही घरात चारच आहोत ना.’ मापं मी दुरुस्त केलेली नाहीत.